दीनांच्या दारी औषध
आमच्या मुलुखातील वैद्यकीय सेवेच्या इतिहासाचे काही धडे



ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिर कोणी बांधले, घंटा कधी चढविली, पहिले धर्मगुरू कोण होते, अशा गोष्टी नमूद करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच होय. परंतु विटा-चुन्याच्या इतिहासाहून निराळा असाही एक इतिहास आहे, की जो कोनशिलेवर कोरला जात नाही. आमच्या ह्या भागातील गरीब माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या दारी कोण येत असे, काय घेऊन येत असे, आणि येणाऱ्याच्या हातून त्याचे दुःख खरोखर निवारण होत असे किंवा नाही, हा तो इतिहास होय. तो थोडक्यात सांगावा असे आम्ही योजिले आहे.

चांगल्या शोमरोन्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याने वाटेवर घायाळ पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, ही झाली दया. पुढे त्याने त्यास उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले व परत येण्याचे वचन दिले, ही झाली व्यवस्था. परंतु त्याच वाटेवर रोज नवा वाटसरू लुटला जात असेल, तर केवळ जखमा बांधून व उतारशाळा भरून भागणार नाही. ती वाटच निर्भय करावी लागेल. वैद्यकीय सेवेच्या इतिहासातही ह्याच तीन पायऱ्या दिसतात. पहिल्या दोन पायऱ्या चढण्यास पुष्कळ कष्ट पडले. तिसरी चढण्यास मात्र त्याहूनही अधिक काळ लागला. त्याचे कारण काय, हेच ह्या लेखात पाहावयाचे आहे.

जुना काळ

आमचा परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील, काळ्या कसदार जमिनीचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. १९५६ साली तो मुंबई राज्यास जोडला गेला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९९९ साली हिंगोलीकडील भाग वेगळा झाला आणि परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके उरले.

संस्थानी अमलात सरकारी दवाखाने होते, पण ते मोठ्या गावांत. खेड्यातील माणसाला वैदू, हकीम, सुईण आणि देवऋषी हेच आधार. देवीची साथ आली म्हणजे ती मातेचा कोप मानावयाची. पटकी आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार लोटावयाचा. प्लेगचे उंदीर पडू लागले म्हणजे गाव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला, ज्यास आपले वाडवडील मानमोडी म्हणत, सबंध हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे बळी पडली. ह्या साथींनी श्रीमंत-गरीब असा भेद केला नाही असे म्हणण्याची रीत आहे, पण ते खरे नव्हे. ज्याच्या घरी धान्य होते व ज्याची विहीर स्वतःची होती, तो पुष्कळदा वाचला. गावकुसाबाहेरच्या वस्तीला धान्य नव्हते आणि पाणीही दुसऱ्याच्या मर्जीचे होते.

नारूचा धडा

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर नारूविषयी सांगितले पाहिजे. आजच्या तरुणांनी हा रोग पाहिलेला नाही. परंतु वृद्ध मंडळींस त्याचे नाव काढताच अंगावर शहारे येतात. आपल्या मुलुखात पायऱ्यांच्या सुंदर बारवा आहेत. त्या बांधणारांची कला वाखाणण्याजोगी आहे. पण पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय घालून घागर भरी, आणि तेथेच ह्या रोगाचे घर होते.

नारूचा जंतू पाण्यातील एका अति सूक्ष्म किड्याच्या पोटात असतो. ते पाणी प्यायल्यावर तो मनुष्याच्या शरीरात शिरतो व तेथे वाढत राहतो. सुमारे वर्षाने, बहुधा पायावर, आगीसारखा जळजळणारा फोड उठतो व त्यातून हातभर किंवा त्याहूनही लांब, दोऱ्यासारखी अळी बाहेर येऊ लागते. ती ओढून तुटली तर जखम चिघळे. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी बाहेर काढावी लागे, आणि त्यास कित्येक आठवडे लागत. रोगी आग शमविण्यासाठी पाय बारवेत बुडवी, की अळी आपली असंख्य पिले पाण्यात सोडी. पुढच्या वर्षी सारा गाव पुन्हा आजारी. हे सर्व बहुधा ऐन शेतीच्या कामाच्या दिवसांत होई. मजुराचे पाय गेले म्हणजे घराची चूल गेली.

ह्या रोगावर औषध नाही आणि लसही नाही. तरीसुद्धा तो आपल्या देशातून समूळ नाहीसा झाला! १९८३-८४ च्या सुमारास राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाणी दुपदरी फडक्याने गाळून पिणे, रोग्यास पाण्यात उतरू न देणे, बारवांच्या पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदण्याची सोय करणे, पाण्यात किडे मारणारे द्रव्य टाकणे आणि हातपंप बसविणे, एवढेच उपाय. १९९६ साली देशातील शेवटचा रोगी आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. बाटलीतल्या औषधाचा एक थेंबही न देता रोग गेला, तो घरोघरीच्या फडक्याने आणि गावोगावच्या शहाणपणाने. वाट निर्भय करणे म्हणजे काय, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मिशनची इस्पितळे व आमच्या धर्मभगिनी

आता थोडे मागे जाऊ. मराठी मुलुखात खेड्यातील गरिबांसाठी पाश्चात्त्य वैद्यकी आणण्याच्या कामात प्रॉटेस्टंट मिशनांचा वाटा मोठा आहे, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले व पुढे तेथेच वैद्यकीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. आमच्या शेजारी जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे काम रुजविले; त्या जालन्याच्या मिशन इस्पितळाचे नाव मराठवाड्यात सर्वतोमुखी झाले.

मग आम्ही कॅथोलिक ह्या कामी उशिरा का आलो? आमच्या धर्मभगिनी रोग्यांची शुश्रूषा शतकानुशतके करीत आल्या होत्या. परंतु संन्यस्तांनी वैद्यकीचा व्यवसाय करू नये, आणि भगिनींनी बाळंतपणाच्या कामात पडू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना निर्बंध होता. हिंदुस्थानात तर परपुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया लक्षावधी होत्या. म्हणजे जेथे स्त्री डॉक्टरची सर्वांत अधिक गरज, तेथेच आमच्या भगिनींचे हात बांधलेले.

ही गाठ सोडविण्यासाठी तीन स्त्रिया झटल्या. पहिली स्कॉटलंडची डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन. उतारवयात कॅथोलिक झालेल्या ह्या बाईने रावळपिंडी येथे स्त्रियांचे व मुलांचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला आणि निर्बंध उठावा म्हणून रोमचे उंबरठे झिजविले. १९१३ साली ती निवर्तली. निर्बंध तसाच राहिला. दुसरी ऑस्ट्रेलियाची डॉ. मेरी ग्लाऊरी. ती १९२० साली गुंटूर येथे आली व पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने संन्यस्त असूनही वैद्यकी करू लागली. तिनेच १९४३ साली हिंदुस्थानातील कॅथोलिक इस्पितळांचा संघ स्थापिला. तिसरी ऑस्ट्रियाची डॉ. ॲना डेंगेल. मॅकलॅरनबाईंच्या प्रेरणेने ती डॉक्टर झाली, रावळपिंडीत राबली आणि १९२५ साली तिने वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ काढला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले व मिशनच्या प्रदेशांत धर्मभगिनींस डॉक्टर व सुईण होण्याची मोकळीक मिळाली.

हा वृत्तान्त आम्ही मुद्दाम दिला. नियम चांगल्या हेतूने केलेले असतात, पण जेथे आई बाळंतपणात मरते आहे तेथे त्या नियमाकडे पुन्हा पाहण्याचे धैर्य कोणीतरी दाखवावे लागते. आणि ते बहुधा रोग्याच्या उशाशी बसणाराच दाखवितो.

जामखेड

इस्पितळे झाली, डॉक्टर आले; तरी खेडे आजारीच राहिले. असे का, हा प्रश्न एका मराठी ख्रिस्ती दांपत्याने स्वतःस विचारला. डॉ. रजनीकांत आरोळे हे राहुरीकडचे. ते व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल ह्या दोघांचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. विवाहसमयीच त्यांनी खेड्यातील गरिबांची सेवा करण्याचे व्रत घेतले होते. नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षे काम केले, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की, समोर येणारे बहुतेक आजार मुळी होऊच नयेत असे आहेत. हगवणीने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे, तो ते तेच पाणी पिऊन महिन्याभरात परत यावे! पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतली व १९७० साली त्यांनी मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेड येथे ठाण मांडले. आरंभीचा दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत भरला.

ते दिवस दुष्काळाचे होते. लोकांनी औषध मागितले नाही. अन्न व पाणी मागितले. आरोळे दांपत्याने तेथूनच प्रारंभ केला. गावोगावच्या तरुण शेतकऱ्यांची मंडळे झाली, मुलांसाठी सार्वजनिक स्वयंपाक झाला, आणि पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खणल्या गेल्या. त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत बसाव्यात असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे जिला विहिरीवर येऊ देत नसत त्या वस्तीकडे आता इतर गाव घागर घेऊन येऊ लागला. दवाखान्याच्या इतिहासात पाण्याचा पंप कोठे बसला ह्याचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. नारूची हकीकत वाचलेल्यास ते सांगणे नलगे.

पुढची अडचण अशी की, शिकलेली नर्सबाई खेड्यात राहण्यास राजी नसे, आणि राहिली तरी गावातल्या बाया तिच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावातीलच एक बाई निवडून तिला शिकवावे असे ठरले. निवड गावाने करावयाची. अशा रीतीने निवडलेल्या बायांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या, काही परित्यक्ता होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडास येत, एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि शिकत. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, लस टोचून घेण्यास आयांची समजूत घालणे, महारोग व क्षय लवकर ओळखणे, ही विद्या त्यांनी आत्मसात केली. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हता, त्यांच्याच हाती गावाने आपल्या लेकीसुनांची बाळंतपणे सोपविली!

फळ काय मिळाले? १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. तीस वर्षांच्या आत हा आकडा तिसाच्या खाली आला. ह्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ ह्यांस १९८८ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत बोलण्याचा प्रसंग आला. सभागृहातील झळाळत्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलेल्या गोष्टीचा आशय असा: झुंबर सुंदर खरे, पण महाग, आणि ते खेड्यात नेता येत नाही, माझी पणती लहान, पण एका पणतीने दुसरी लावता येते. मोठमोठ्या ग्रंथांत जे सापडू नये ते ह्या दाखल्यात आले आहे.

खेड्याची कीर्ती जगात, व जगाची परत खेड्यात

जामखेडचे वर्तमान दूरवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात त्याचा समावेश झाला. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे जमलेल्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा मान्य केला, त्यामागील विचारास ज्या प्रयोगांनी बळ दिले त्यांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले.

तीच वाट पुढे गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी रुंद केली. तेथील गावच्या आरोग्यदूत बायांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेतली व त्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी केले, हे १९९९ साली जगापुढे आले. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले व त्यात हजार वस्तीमागे गावातीलच एक बाई नेमण्याची योजना केली. हीच आपली आशा ताई. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

आजचे कर्तव्य

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट होय. आमच्या वाडवडिलांस जे स्वप्नातही दिसले नसते ते आज घडले. तथापि मोठे इस्पितळ म्हणजे उतारशाळा. वाट निर्भय करणारी बाई ती आशा ताईच. आणि तिची स्थिती काय आहे? तिला वेतन नाही, मानधन व कामागणिक मोबदला आहे. त्यासाठीही महाराष्ट्रातील आशांना वारंवार संपावर जावे लागले. रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणाऱ्या बाईस आपण स्वयंसेविका म्हणतो व त्या गोड शब्दाआड तिची मजुरी झाकतो. आणखी एक गोष्ट आहे. जामखेडने निरक्षर बाईस निवडले, कारण गावाचा विश्वास तिच्यावर होता. आजच्या नियमांत शाळेच्या इयत्तेची अट आहे. नोंदी ठेवण्यास अक्षरओळख हवी हे खरे; परंतु अटीपायी सर्वांत गरीब घरची बाई बाहेर राहू नये, एवढे पाहिले पाहिजे.

दुसरी चिंता ऊसतोडीची. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातूनही जोडप्या-जोडप्यांनी माणसे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यासोबत पोटुशी बाई जाते, अंगावरचे मूल जाते. कोपीत राहावयाचे, पहाटे फडात जावयाचे, आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापून द्यावयाचे. गावची आशा ताई गावातच राहते, आणि जिला तिची गरज ती बाई शेकडो मैल दूर. येथे आपली व्यवस्था आजही अपुरी आहे.

मग धर्मग्रामाने काय करावे? आपण इस्पितळ बांधू शकत नाही, आणि प्रत्येक धर्मग्रामाने ते बांधावे असेही नाही. पण तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. पहिली, आपल्या वस्तीच्या आशा ताईला, ती कोणत्याही जातिधर्माची असो, नावाने ओळखावे. तिच्या बैठकीस आपले सभागृह मोकळे असावे, आणि ती आपल्या न्याय्य मोबदल्यासाठी उभी राहील तेव्हा आपणही तिच्या बाजूस असावे. दुसरी, ऊसतोडीला निघण्यापूर्वी प्रत्येक घरातील गरोदर बाई व लहान मुले ह्यांची यादी व्हावी, लसीकरणाचे व तपासणीचे कार्ड त्यांच्या गाठोड्यात असावे, व ज्या गावी ती जातील तेथील ख्रिस्ती मंडळीस किंवा आरोग्य केंद्रास आगाऊ कळवावे. तिसरी, आपल्या मुलींना परिचर्येचे शिक्षण घेण्यास उत्तेजन द्यावे, आणि शिकून त्या खेड्याकडे परतल्या तर त्यात कमीपणा मानू नये.

आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांचे मूळ गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहे, हे आपण विसरू नये व त्याची लाजही बाळगू नये. आपल्या पणज्या-आज्यांपैकी किती जणी गावाच्या सुइणी होत्या! त्यांनी गावाची लेकरे आपल्या हातांवर झेलली, आणि त्याच हातांस विहिरीचा दोर धरण्याची मनाई होती. जामखेडने त्या हातांस प्रथम विद्या दिली व मग मान मिळवून दिला. मंदिराच्या ज्युबिलीचा दिवा आपण लावणारच आहोत. त्याच्या ज्योतीवरून ह्या वर्षी आणखी एक पणती वस्तीतल्या एखाद्या घरी लागली, तर ही ज्युबिली प्रभूस खचित अधिक प्रिय होईल.